दारामागच्या गेरूच्या रेघा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे मला बायकोला विचारावं लागतं. माझ्या बदल्या तिला क्रमाने पाठ आहेत. एक प्रकरण मात्र विसरावं म्हणून मी मनापासून प्रयत्न केला आणि तेच जसंच्या तसं राहिलं. त्यात रक्ताचा थेंब नव्हता. प्रकरण पाणीपट्टीचं होतं. कोणाला सांगायला लागलो की लोक हसतात. मला अजून एकदाही हसू आलेलं नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळ, जिथे पाऊस हात राखून पडतो, तिथे एक छोटी नगरपंचायत होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग टपाल, असा आमचा रोजचा क्रम. टपालात आठवड्याला एखादा निनावी अर्ज असतोच. असले अर्ज वाचून वाचून माझं एक मत झालं होतं. खोटा अर्ज लांबत जातो आणि शेवटी साऱ्या गावाला शिव्या घालतो. खरा अर्ज आटोपशीर असतो.

हा अर्ज आठ ओळींचा होता. नगरपंचायतीचा वसुली लिपिक गावाच्या वरच्या वस्तीत घरोघर फिरून पाणीपट्टीचे पैसे घेतो, पावती देत नाही, रक्कम स्वतःच्या घरी ठेवतो, असा मजकूर. पैसे पलंगाखालच्या फौजी पेटीत आहेत, हेसुद्धा लिहिलं होतं. टंकलेखन स्वच्छ, डावीकडे समास सोडलेला, सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून'. अर्ज कचेरीतल्याच माणसाने केलाय हे मी आमच्या हवालदाराला तेव्हाच बोलून दाखवलं. कचेरीतला माणूस कचेरीतल्या माणसावर का उठला, हा पुढचा प्रश्न मात्र मी विचारला नाही. गुन्हा हाताशी आयता आला की पोलीस असे प्रश्न विचारत नाहीत. मीही त्यातलाच.

मी नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन केला. दोनच दिवसांत त्यांची लेखी फिर्याद आली. लोकसेवकाने केलेला अपहार म्हणून गुन्हा नोंदवला आणि आम्ही त्या लिपिकाला आणायला गेलो.

सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. वय पन्नाशीच्या पुढे, मिशी कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री. फौजेत भांडार सांभाळायचे, मग माजी सैनिकांच्या कोट्यातून इथे लागले. आम्ही पोचलो तेव्हा ते खिडकीवर बसले होते. समोर उभ्या माणसाची पावती त्यांनी पुरी केली, दिवसाचा भरणा मोजून रोखपालाच्या हवाली केला, त्याची सही घेतली आणि मगच उठले. 'चला' एवढंच म्हणाले. खूप माणसांना मी खुर्चीवरून उठवून आणलंय. भरणा मोजून देऊन उठलेला हा एकच.

घरझडतीत पलंगाखाली पेटी मिळाली. तिच्यात पत्र्याचा डबा, डब्यात नोटा आणि एक लाल पाठीची खिशातली वही. पलंगावर त्यांची बायको झोपून होती. मूत्रपिंडाचा आजार होता. आम्ही पेटी ओढली तेव्हा तिने फक्त पाय वर घेतले. वहीतला आकडा आणि डब्यातली रक्कम जुळेना. बरेच पैसे कमी होते. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच पक्कं झालं.

चौकशीत मी साधारण तासभर माणसाला बोलू देतो. खोटं बोलणारा तासाभरात स्वतःच स्वतःला आडवा येतो. तात्यांच्या बाबतीत तेवढा वेळ लागलाच नाही. त्यांनी सगळं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, आणि ते ऐकताना मला जरा अडचणीतच पडल्यासारखं झालं.

गोष्ट अशी होती. नगरपंचायतीने ठराव केला होता की पाणीपट्टी वर्षाची एकरकमीच घ्यायची. संगणकही तसाच करून घेतला होता, पूर्ण रक्कम टाकल्याशिवाय पावतीच निघत नसे. थकबाकीदारांचे नळ तोडायचे, हेही त्याच ठरावात. वरच्या वस्तीत सगळ्या बायका मजुरीवर जाणाऱ्या. त्यांना पैसे मिळणार आठवडी बाजाराच्या दिवशी, तेही तुटक. दोनशे रुपये घेऊन बाई खिडकीवर आली की तिला परत पाठवावं लागायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते दोनशे घरातच कुठेतरी उडून जायचे. मग तात्यांनी आपली रीत काढली. बाजाराच्या दिवशी ते वस्तीत जायचे. ज्या घरातून पन्नास रुपये मिळतील तिथे वहीत एक खूण करायची, आणि त्या बाईने आपल्या हाताने दारामागच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढायची. तीस रेघा झाल्या की वर्षाचं बिल पुरं. मग तात्या कचेरीत पैसे भरून पावती आणून द्यायचे.

"आन् पावती हातात आली की बाईनं रेघा वल्या फडक्यानं पुसायच्या," ते म्हणाले. "सरकारी कागदावर चढलं की भिंतीवर ठेवायचं न्हाई. दोनदा हिशेब नगं. ह्यो नेम म्या लावलाय सायेब, फौजेतला हाय."

मी विचारलं, डब्यातले पैसे कमी का?

ते म्हणाले, "बायकोच्या दवाखान्याला काढलं. दोन म्हयन्यात भरणार हुतो. पर काढलं, व्हय."

एवढं स्वच्छ कबूल करणारा आरोपी मिळाला की अधिकाऱ्याला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. जाता जाता मी सहज विचारलं, अर्ज कोणी केला असेल? तर म्हणाले, नाव घेत नाही, पण कारण सांगतो. मार्चअखेरला मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी असते. नोंदवहीतली प्रत्येक वस्तू जागेवर आहे, अशी सही करायची. यंदा ते काम तात्यांकडे आलं होतं. नोंदवहीत नदीकाठच्या पंपघरात एक मोठा राखीव पंप होता, काही लाखांचा. मुख्य पंप जळाला तर गावाचं पाणी बंद पडू नये म्हणून घेतलेला. आजवर सगळ्यांनी कचेरीत बसून सही केली होती. तात्या सायकल मारत पंपघरात गेले.

"थितं पंपच न्हाई सायेब. म्या सही केली न्हाई."

त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या टपालात अर्ज आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन पंच घेऊन वरच्या वस्तीत पंचनाम्याला गेलो. मला घाई होती. दुपारी एका मंत्र्याचा दौरा होता आणि बंदोबस्त लावायचा होता. पहिलं घर एका विधवा बाईचं. मी त्यांना मावशी म्हणालो आणि पुढेही तेच राहिलं. त्यांनी दार ओढून भिंत दाखवली. चुन्याच्या भिंतीवर गेरूच्या रेघा, बोटाने ओढलेल्या, एकीला लागून एक. नवऱ्याच्या माघारी त्यांनी नळ स्वतःच्या नावावर करून घेतला होता, ते कागदही त्या दाखवू लागल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तात्यांना सोडा नाहीतर धरा, पण आमच्या रेघा वाया जाऊ देऊ नका. नळ तुटला तर ओढ्यापलीकडच्या हापशावर जावं लागतं, आणि मग दिवसाची मजुरी बुडते. वस्तीत अशी एकोणचाळीस घरं होती. त्यांचे नळ राहतात की जातात, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न होता. मी मात्र गुन्हा शाबीत कसा होईल एवढंच बघत होतो.

हवालदाराने विचारलं, "साहेब, रेघा मोजून लिहू का?"

मी घड्याळ पाहिलं. आणि म्हणालो, "काही रेघा दिसून आल्या असं लिहा. चला, पुढचं घर घ्या."

असं आम्ही एकोणचाळीस घरांचं केलं. दीड तासात उरकलं. निघताना मावशी जीपपाशी आल्या.

"लिवलं का सायेब समदं?"

"लिहिलं."

"सरकारी कागदावर?"

"सरकारी कागदावरच. आता काळजी करू नका, तो कुठे जात नाही."

हे मी चांगुलपणानेच बोललो होतो. नंतर हेच वाक्य मला रोज आठवत राहिलं.

त्याच आठवड्यात मी पंपघरात गेलो. हे श्रेय मी स्वतःला देतो, कारण मला कोणी जा म्हटलं नव्हतं. मुख्य पंप घरघरत होता. शेजारी सिमेंटचा ओटा आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट. मी खाली बसून बोल्ट पाहिले. गंजले होते, पण आट्यांवर नट चढल्याची खूण नव्हती. ओट्यावर ग्रीसचा डाग नव्हता. पंप चोरीला गेला असता तर डाग राहिला असता. तिथे पंप कधी बसलाच नव्हता. पैसे गेले, नोंद झाली, वर्षानुवर्षं सह्या झाल्या आणि वस्तू आलीच नाही. अपहार म्हणतात तो हा. मी ज्या रकमेसाठी माणूस कोठडीत टाकला होता, ती याच्यापुढे चिल्लर होती.

मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि फाईल पुढे केली. पंप दुरुस्तीला पाठवला, दुरुस्त होण्यासारखा नव्हता, म्हणून निर्लेखित केला, म्हणजे मालमत्तेतून कायमचा वजा केला. ठराव, सह्या, शिक्के, सगळं जागेवर. शाई मात्र ताजी होती. तात्यांच्या अटकेच्या दुसऱ्या दिवशीचा ठराव होता तो. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, कागद पूर्ण आहे. तुमच्याकडे तक्रार कोणाची आहे?"

मी वरिष्ठांना फोन केला. त्यांनी मना केलं नाही. फक्त विचारलं की फिर्यादी कोण, आणि मग सांगलीच्या माझ्या बदलीचं काय झालं, याची चौकशी केली. मुलगी जूनमध्ये बारावीला जाणार होती आणि मला सांगली हवी होती. सरकारतर्फे फिर्याद मी स्वतः देऊ शकत होतो. कायद्याने मला कोणी अडवलं नसतं. मी स्टेशन डायरीत चार ओळींची नोंद केली, 'पंपघरास भेट दिली', आणि वही मिटली. यात माझी काही मजबुरी होती असं मी म्हणणार नाही. मी घाबरलो होतो.

महिन्याभरात नगरपंचायतीने थकबाकीची मोहीम काढली आणि वरच्या वस्तीचे नळ तोडले. एकोणचाळीसही. सकाळी हजेरी चालली होती तेव्हा मावशी रिकामी घागर घेऊन ठाण्यात आल्या. त्या चिडल्या नव्हत्या. काहीतरी गफलत झालीय आणि मी ती मिटवीन, याच भरवशावर आल्या होत्या. कचेरीत पावती मागतात, ती नाही, पण पोलिसांनी लिहून नेलंय असं मावशींनी तिथे सांगितलं होतं. तेवढा कागद मी द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, कागद आणतो, तोवर भिंतीवरच्या रेघा तरी कचेरीतल्या माणसाला दाखवा.

"त्या पुसल्या की," मावशी म्हणाल्या. "तुमी लिवलं म्हनलासा तवाच. समद्यांनी पुसल्या."

तो नेम तात्यांनीच मला सांगितला होता, याच टेबलावर. सरकारी कागदावर चढलं की भिंतीवर ठेवायचं नाही. बायकांनी नेम पाळला होता. आमची जीप ओढा ओलांडायच्या आत एकोणचाळीस घरांत ओली फडकी फिरली होती.

मी पंचनाम्याची प्रत काढून वाचून दाखवली. 'दाराच्या मागील भिंतीवर लाल रंगाच्या काही रेघा दिसून आल्या.' मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबल्या.

"काही म्हंजी किती, सायेब?"

हजेरीला उभे असलेले सगळे शिपाई ऐकत होते. हवालदार खाली बघत होता. त्याने विचारलं होतं, हे त्यालाही आठवत होतं आणि मलाही.

त्यानंतर मी धावपळ केली, ती सगळी उशिराची होती. वही आणि डब्यातले पैसे मुद्देमाल म्हणून लाखेचं सील लावून कोर्टात जमा झाले होते. वहीची नक्कल काढून मी मुख्याधिकाऱ्यांकडे नेली. ते म्हणाले, वही आरोपीची आहे, आरोपीने लिहिलेलं आम्ही कसं धरायचं? पोलिसांनी स्वतः पाहून मोजलेलं काही असेल तर द्या, विचार करू. बोलणं बिनतोड होतं. मी पंचनामा त्यांच्यापुढे ठेवलाच नाही. पैसे त्या बायकांच्या बिलात वळते करावेत म्हणून कोर्टात अर्ज दिला. निकालाच्या वेळी बघू, असा हुकूम झाला. त्या उन्हाळ्यात मुख्य पंपही जळाला आणि राखीव पंप नसल्याने सगळं गाव टँकरवर आलं. तेव्हा वरच्या वस्तीचं कोणाला काही वाटेनासं झालं. जूनमध्ये माझी सांगलीला बदली झाली. पुढच्या वर्षी मुलीला बारावीत चांगले गुण मिळाले.

काही वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. तोवर मी निवृत्तीला टेकलो होतो. तात्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, शर्टाला इस्त्री तशीच. बायको मधल्या काळात गेली होती. मुद्देमाल उघडला, वही माझ्या हातात दिली, ओळखता का म्हणून विचारलं. मी पान उलटलं. मावशींच्या घरापुढे तेवीस खुणा होत्या. आरोपीच्या वकिलांनी मला विचारलं की भिंतीवर किती रेघा होत्या. मी म्हणालो, मोजल्या नाहीत. त्यांनी विचारलं, का? सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि प्रश्न तिथेच राहिला. तात्या माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. बहुतेक त्यांना माझी कीव आली असावी.

तात्यांना शिक्षा झाली. पैसे काढले होते, हे त्यांनी कोर्टातही नाकारलं नाही. निवृत्तिवेतन गेलं. डब्यातली रक्कम फिर्यादी नगरपंचायतीला परत देण्याचा हुकूम झाला, आणि नगरपंचायतीने ती 'इतर जमा' या सदरात भरून घेतली. म्हणजे त्या बायकांचे पैसे अखेर जिथे पोचायचे तिथे पोचले. फक्त त्यांच्या नावावर पोचले नाहीत. थकबाकी होती तेवढी राहिली आणि वर विलंब आकार चढला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. प्रशिक्षण केंद्रात भाषणाला बोलावतात तेव्हा मी सांगतो की पंचनाम्यात 'काही' हा शब्द लिहू नका. ते लिहून घेतात. खरं सांगायचं तर मला याहून वाईट गोष्ट कळली होती, ती मी भाषणात सांगत नाही. मी त्या प्रकरणात नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांचा कागद पूर्ण होता, माझाही पूर्ण होता. सगळ्या व्यवहारात नियम मोडणारा एकच माणूस होता, आणि वस्तीला पाणी होतं ते त्याच्यामुळे.

निवृत्तीनंतर औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना बायकोला काही न सांगता गाडी त्या गावाकडे घेतली. मावशी आता वाकल्यात. त्यांनी मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, तांब्यातून पाणी दिलं. पाणी हापशाचं होतं, मचूळ. नळाची तोटी ओट्यावर अजून होती, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. निघताना माझी नजर दाराकडे गेली. मावशींना ते कळलं. त्यांनी दार ओढलं.

भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. ठाण्यातून रिकामी घागर घेऊन गेल्या, त्याच दिवशी त्यांनी त्या आठवून पुन्हा काढल्या होत्या. पावसाळ्याच्या ओलीने पुसट झाल्या की दर वर्षी गिरवतात म्हणे.

"कुनी आलं मोजाया तर असाव्यात," त्या म्हणाल्या.

मी चष्मा लावला आणि मोजल्या. एकेका रेघेवर बोट ठेवून, दोनदा मोजल्या. तेवीस होत्या. हे मी आज इथे लिहितो आहे, आणि याचा आता कोणालाही काही उपयोग नाही.